तटामागचे धोंडे

भूकंपात कुरोसे किल्ल्याचा उत्तरेचा तट कोसळला, तेव्हा पडलेल्या दगडांवर खडूने नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं. दोन हजार एकशे सहा दगड. प्रत्येक दगड जिथला तिथेच बसला पाहिजे, हा आमचे उस्ताद तोकुजी कानामारु यांचा हट्ट. वय शहात्तर, आणि तोंड इतकं फटकळ की पाथरवट म्हणत, यांच्यापेक्षा भूकंप बरा.

नगरपालिकेचे हामासाकीसाहेब मनाशी आधीच ठरवून आले होते. "चारशे वर्षांपूर्वीचं काम, कानामारुसान. कुठवर टिकणार? आता सगळ्या तटामागे काँक्रीट ओतू या."

उस्ताद तडकले. "चारशे वर्षं हललं नाही ते! तुमच्या ऑफिसचं छप्पर दर पावसात गळतं."

मलाही त्या जुन्या पाथरवटांचं फार कौतुक. चुना नाही, गिलावा नाही, नुसता दगडावर दगड. मागे दोन हात जाडीचा लहान धोंड्यांचा थर, पाणी निचरावं आणि हादरा जिरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आणि मी कोसळलेल्या भागामागे उतरलो. तिथे धोंड्यांचा थर वीतभरही नव्हता, बाकी सगळी माती. शेजारच्या उभ्या तटामागे मात्र तो पुरता दोन हात होता.

उस्तादांनी मूठभर माती उचलून पाहिली. "आत्ता ओळखला. हा तुकडा जुना नाही, चिझुरु. पन्नास वर्षांपूर्वी झाडाच्या मुळांनी फुगला, तेव्हा मीच दुरुस्त केला. साकुराच्या फुलांच्या जत्रेआधी संपवायची घाई होती. धोंडे कमी पडले, मी माती लोटली."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, उस्ताद. आता कोणाला कळणार आहे?"

"आणि त्या बिचाऱ्या जुन्या पाथरवटांना बोल लागला तर? मेलेली माणसं भांडायला येतात का?"

बैठकीत ते सगळ्यांसमोर कमरेत वाकले. "जुनं काम शाबूत आहे. पडलं ते माझं. अहवालात माझं नाव घाला." एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

काँक्रीट रद्द झालं. उस्तादांनी उस्तादकी सोडली आणि तट त्यांच्या शिष्याने, ओनुकीने, चढवायला घेतला. मागचे धोंडे बसवायचं काम आमच्यात नवशिक्याला देतात, कारण तट पुरा झाला की ते कोणाच्या नजरेलाच पडत नाही. उस्तादांनी ते मागून घेतलं. उन्हाळाभर ते एकेक धोंडा धुऊन, फिरवून, ठोकून बसवत राहिले.

"भरलं, उस्ताद! या आता वर," ओनुकी ओरडायचा.

"गप रे," खालून आवाज यायचा, "अजून फटीत बोट जातंय."