ती खडखड माझीच होती

मित्रांनो, गोटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अंगणात खेळायची काचेची गोटी येईल, म्हणून आधीच सांगते. मी पोलादाची आहे, आतून पोकळ आहे आणि माझं काम पान्याच्या दांड्याला बसून नट सोडवायचं. मी दहा नंबरची गोटी. कारखान्यात कांबीतून कापून, तापवून, तेलात बुडवून आणि वर चकचकीत मुलामा देऊन मला घडवलं. आमच्या पेटीत लहानमोठ्या पुष्कळ बहिणी होत्या. पण मोटारीत दहाचे नट जागोजागी असतात, त्यामुळे मालकाचा हात पहिल्यांदा माझ्याकडेच यायचा. याचा मला फार तोरा होता. आता नाही.

माझा मालक आउलिस. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात लाकूड कापायच्या गिरणीत तो कामाला होता. त्याची बायको हिल्क्का हिने एका नाताळात आमची पेटी त्याला भेट दिली आणि म्हणाली, "घे बाबा. आता तरी पाने मागायला रेइनोच्या दारात पळू नकोस."

रेइनो म्हणजे समोरच्या घरातला शेजारी, आउलिसचा लहानपणापासूनचा मित्र. पेटी आल्यावर उलटंच झालं. रेइनोच आमच्याकडे येऊ लागला. आउलिस घरी नसला तर शेडच्या दाराला बाहेरून झाडू टेकवलेला असे. झाडू दारात म्हणजे घरात कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुलूप कोणी लावत नसे. रेइनो झाडू बाजूला करी, पेटी नेई, आणि काम झालं की आम्हा सगळ्यांना पुसून परत ठेवी. आउलिसपेक्षा तोच आम्हाला स्वच्छ ठेवायचा, हे खरं सांगायला हवं. शनिवारी दोघे एकाच सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, घाम गाळत, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

आउलिसने गाडी कधी गॅरेजात नेली नाही. "देवाने दोन हात कशाला दिलेत?" असं तो म्हणे. मग त्या दोन हातांची सालटी निघत. गंजलेला बोल्ट सोडवायला जावं तर त्याचं मुंडकं तुटून हातात येई. सगळं परत बसवून झालं की एक स्क्रू उरे, आणि तो कुठला हे त्या स्क्रूलाच ठाऊक. एक दुखणं काढायला जावं तर त्याच्या मागून दुसरं उभं राही. पण रेइनो सोबत असला की शिव्यासुद्धा हसत हसत दिल्या जात.

एका शरदात आउलिस रेडिएटरचा पाइप बदलत होता. थंडीने बोटं बधिर झाली होती. हिल्क्काने घरातून हाक मारली, "कॉफी गार होतेय!" त्याने मला गाडीच्या समोरच्या पट्टीच्या कडेवर ठेवलं आणि तो गेला. जाताना त्याच्या बाहीचा धक्का मला लागला. मी घरंगळले आणि रेडिएटरखालच्या पोकळ तुळईला एक भोक होतं, त्यातून थेट आत पडले. कॉफी पिऊन आलेल्या आउलिसने बॉनेट लावलं, पेटी न बघता बंद केली आणि हात धुतले. दुसऱ्याच दिवशी रेइनोने बर्फ उडवायचं यंत्र दुरुस्त करायला पेटी नेली आणि संध्याकाळी पुसून परत ठेवली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आउलिसने पेटी उघडली तर माझी जागा रिकामी.

"मी तर ठेवली होती," तो म्हणाला. "माझ्या या हातांनी ठेवली होती."

"रेइनोला विचारून बघ," हिल्क्का म्हणाली.

"विचारायचं काय? त्याला कळायला नको का?"

मित्रांनो, तिथली माणसं बोलायला जड. तोंड उघडून विचारणं म्हणजे आरोप करणं, असं आउलिसला वाटलं. म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने बाजारातून कुलूप आणलं आणि शेडला लावलं.

काही दिवसांनी रेइनो आला. गाडी शेडमध्येच होती, त्यामुळे मला त्याची पावलं ऐकू आली. तो दारापाशी थांबला. कुलूप हाताने एकदा हलवून पाहिलं.  मग बर्फावरून पावलं परत गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, मी इथे आहे! पण गाडी उभी असताना मला आवाज नाही.

त्या शनिवारपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सौनांची दोन धुराडी वेगवेगळी धुमसू लागली.

गाडी चालली की मात्र मला वाचा फुटे. खड्डा आला की मी तुळईत आपटायची. खड, खड, खड. मी माझी साक्ष देत होते, पण आउलिसला तो गाडीचा आजार वाटला. त्याने शॉकअब्सॉर्बर बदलले. मी खडखडले. त्याने सायलेन्सरची टांगणी बदलली. मी खडखडले. सुट्टीचे किती दिवस तो गाडीखाली पाठ टेकून पडला! कानात वितळलेल्या बर्फाचं पाणी जायचं, नि तो वैतागून जॅकलाच शिव्या घालायचा. आवाज शोधायला एकाने गाडी चालवावी लागते आणि दुसऱ्याने कान लावावा लागतो. त्याचा दुसरा कान रस्त्यापलीकडे राहत होता. ब्रेकमधली हवा काढायलाही दोन माणसं लागतात. तिथे ब्रेक दाबायला हिल्क्काला बसवलं.

"दाब! दाब म्हटलं की दाब!"

"दाबलाय!"

"मग सोडलास कशाला?"

"ओरडू नकोस माझ्यावर. एवढंच असेल तर समोरच्याला बोलव. त्याला तुझी भाषा कळते."

"त्याचं नाव काढू नकोस."

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं. पडले ते माझ्या हातात नव्हतं, खरं आहे. पण दोन माणसांच्या मैत्रीत मी खड्यासारखी अडकले होते आणि त्याची लाज मला गंजापेक्षा जास्त खात होती.

वसंतात बर्फ वितळला. एका सकाळी कुलपाच्या कडीला कागदी पिशवी अडकवलेली सापडली. आत एक नवी कोरी दहा नंबरची गोटी होती. चिठ्ठी नाही, काही नाही.

"बघ!" आउलिस म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं!"

 नवी गोटी माझ्या जागी बसली. कुलूप तसंच राहिलं.

वर्षं गेली. दोघांचेही केस पिकले. रस्त्यावरच्या मिठाने गाडीचा पत्रा खाल्ला, आणि एकदा वार्षिक तपासणीत माणसाने पुढच्या तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. गॅरेजात न्यायचा प्रश्नच नव्हता. आउलिसने ग्राइंडर घेतला आणि सडलेला भाग कापायला सुरुवात केली. ठिणग्या उडाल्या, पत्रा उघडला, आणि चिखलासकट मी खाली फरशीवर पडले.

त्याने मला उचललं. अंगठ्याने चिखल पुसला. दहाचा आकडा दिसला तसा तो जमिनीवर बसला. मग त्याने गाडी हाताने जोरात हलवली आणि कान लावला. खडखड नव्हती.

"हिल्क्का," तो म्हणाला, पण हाक घरापर्यंत पोहोचेल इतकी मोठी नव्हती.

शनिवारी टॉवेल खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून गेला. मी आणि नवी गोटी, दोघी त्याच्या खिशात होतो. रेइनो सौनाच्या ओसरीवर बसला होता. आउलिसने आम्हा दोघींना बाकावर ठेवलं.

रेइनोने एकेक करून दोन्ही पाहिल्या. मला त्याने लगेच ओळखलं, पुसायचा ना तो मला.

"कुठे होती?"

"माझ्याच गाडीत. तुळईत."

"म्हणजे माझ्या हातून हरवली नव्हती तर." रेइनोने मोठा श्वास सोडला. "अरे, पेटी परत ठेवताना दहाची जागा रिकामी दिसली होती. मी बर्फ वितळेपर्यंत थांबलो, मग दोरीला चुंबक बांधून सगळ्या गवतात फिरवला. सापडेना. म्हटलं, माझ्याच हातून पडली असणार. म्हणून नवी आणली."

"आणि मी तुला चोर समजलो."

"ठाऊक होतं. कुलूप होतं ना."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"तू विचारलंस का?"

 आउलिसने डोळे टॉवेलने पुसले. घाम म्हणावा तर अजून सौनात शिरलेही नव्हते दोघे. शेवटी तो म्हणाला, "या दोन्ही तुझ्याकडेच ठेव. मला लागली की मी तुझ्या दारात मागायला येईन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"तुझा हात लागला की काम वाढतंच. म्हणजे रोज येशील," रेइनो म्हणाला. "चल आत, दगड गार होतायत."

तेव्हापासून मी रेइनोच्या शेडमध्ये आहे, माझ्या नव्या बहिणीशेजारी. अंगावरचा मुलामा गेला, पण काम चालू आहे. आउलिसच्या पेटीत माझी जागा मुद्दाम रिकामी आहे आणि त्याच्या दाराला पुन्हा झाडू टेकतो. तो रस्ता ओलांडून येतो, दारात अवघडून उभा राहतो आणि म्हणतो, "दहा नंबर देतोस का?" दर वेळी त्याला थोडं लाजल्यासारखं होतं. मलाही होतं.

मित्रांनो, तुमची एखादी वस्तू हरवली तर आधी आपल्याच गाडीच्या पोटात शोधा. नाहीच सापडली, तर दाराला कुलूप घालण्याआधी तोंड उघडा आणि विचारा. माझ्यासारख्या गोट्या बाजारात ढिगाने मिळतात. रेइनोने गवतात चुंबक फिरवला ते दिवस मात्र त्याला कोणी परत देऊ शकलं नाही.