गाळण्याचं फडकं

आण्णांना कमी दिसायला लागलंय, हे गुणमालाबाईंच्या ध्यानात आलं ते जेवणाच्या ताटावर. "आज चटणी न्हाई व्हय?" असं ते विचारायचे, आणि चटणी ताटातच, डाव्या बाजूला वाढलेली असायची. मग दाराच्या चौकटीला डावा खांदा धडकायला लागला. नवऱ्याबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? त्यांनी आर्जवला फोन केला. एकुलता एक मुलगा, साताऱ्याला कंपनीत सुपरवायझर.

"आण्णांचं डोळं मिरजेला दाखवून आण बाबा. माजं ऐकत न्हाईत, तुजं ऐकतील. पहाटं अंधारात सायकल हाणत मंदिरात जात्यात, मला लय भ्या वाटतंय."

पहाटे गावातल्या जैन मंदिरात जायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळून भगवंताच्या अभिषेकाला द्यायचं, हा सुकुमारआण्णांचा नेम होता. मुनी महाराजांसमोर घेतलेला. अंगात ताप असतानाही त्यांनी तो चुकवला नव्हता. डोळे गेले तर नेम जाणार, आणि नेम गेला तर हा माणूस अंथरूण धरणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

मळ्यातल्या घरापासून मिरज अर्ध्या तासावर. तिथं जिकडं बघावं तिकडं दवाखाने. आर्जव "नेतो, नेतो" म्हणाला आणि रविवारी आला तो लाइट घेऊन.

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर फुटपाथवर मिळणारा, आगपेटीएवढा प्लास्टिकचा एलईडी लाइट. रबराच्या पट्ट्यानं त्यानं तो सायकलच्या हँडलला बांधला, बटण दाबून दाखवलं आणि म्हणाला, "घ्या आण्णा. आता कसलं भ्या?" आण्णांचा चेहरा असा फुलला की बाईंनी त्या दिवशी मिरजेचं नाव काढलं नाही. म्हाताऱ्याला लाइटचं कौतुक नव्हतं, पोरानं आठवण ठेवली याचं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ते मंदिरातून परतले ते तोंड पाडूनच. वाटेवरची चिलटं, पाकोळ्या त्या पांढऱ्या उजेडावर येऊन आपटली होती. "पाण्यातलं जीव वाचवायला निघायचं, आन वाटंनं ही हत्या करत जायचं?" असं म्हणून त्यांनी पाणी गाळायच्या जुन्या फडक्याचा तुकडा काढला. बाईंनी त्याला इलॅस्टिक लावून लाइटसाठी टोपडं शिवलं. मऊ फडक्यावर किडे येऊन बसत, पण आपटून मरत नसत. आण्णांचा जीव शांत झाला. जन्मभर पाणी गाळलेला माणूस आता उजेडही गाळायला लागला.

आणि इथंच घात झाला. त्या दिवसापासून आण्णांना काही दिसलं नाही की दोष फडक्याचा. वळणावरचा दगड दिसला नाही, फडक्यामुळं. समोरून येणारी म्हैस दिसली नाही, फडक्यामुळंच. बाई म्हणायच्या, "आवं, दिवसा चटणी दिसत न्हाई, तिथं कुठलं फडकं आलं?" तर ते हसण्यावारी न्यायचे.

आर्जवला तर आयतंच निमित्त मिळालं. उजेड वाढवायला त्यानं लाइटमधले चपटे सेल काढून जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल बसवले. पुढच्या खेपेला मोठा एलईडी आणला. त्याच्या पुढच्या खेपेला उजेड लांब फेकायला म्हणून बाईंच्या माहेरची, नाव घातलेली स्टीलची वाटी घेतली, बुडाला भोक पाडलं आणि लाइटभोवती बसवली. दरवेळी मोबाइल विटेला टेकवून शूटिंग. 'आण्णांसाठी देशी जुगाड' म्हणून व्हिडिओ टाकला, हजारो लोकांनी बघितला. 'असा मुलगा घरोघरी असावा,' असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. ते त्यानं आईला वाचून दाखवलं. भोकं पाडायला, वायरींना डाग द्यायला, शूटिंगला रविवारच्या रविवार होते. मिरजेला जायला तेवढा वेळ नव्हता.

बाईंनी एकदा पदर खोचला. "चला, आपण दोघंच जाऊ येष्टीनं." आण्णा म्हणाले, "पोरगं एवढं राबतंय लाइटसाठी. आपण चोरून दवाखान्यात गेलो तर त्याला काय वाटंल? तो नेतो म्हणालाय न्हवं?" या बापलेकाच्या प्रेमाचा त्यांना त्या दिवशी मनापासून संताप आला.

शेवटी आण्णांनी स्वतःच फडकं काढायला लावलं. ज्या माणसानं पायाखालची मुंगी चुकवत आयुष्य काढलं, त्यानं स्वतःच्या तोंडानं "काढ ते" म्हणावं! बाईंनी काढलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं. त्या पहाटे ते परतले तेव्हा वाटीत पाकोळ्यांच्या पंखांचा थर बसला होता. आण्णांनी तो बोटानं चाचपत पुसला आणि दिवसभर उपास केला. संध्याकाळी हळूच म्हणाले, "गुणा, फडकं काढलं तरीबी अंधुकच की गं."

बाईंनी तडक फोन लावला. आर्जव म्हणाला, "थांब, रविवारी दुसरा एलईडी टाकतो."

रविवार यायच्या आधीच, पहाटे मंदिराला जाताना, आण्णा वाटेकडेच्या पाण्याच्या पाटात पडले. डेअरीला दूध घालायला निघालेल्या शेजारच्या जयराजनं त्यांना उचलून आणलं. कपाळ फुटलेलं, डावा हात लोंबता. जयराज दारातच म्हणाला, "काकू, त्यो लाइट एवढा झगझगीत हुता, की समोरनं येताना माज्या डोळ्यापुढं अंधारी आली. सगळा पाट लख्ख दिसत हुता. आन काका सरळ डावीकडं पाटात शिरलं. त्यास्नी दिसला कसा न्हाई?"

मग आर्जव आला. मग मिरज झालं. आधी हाताला प्लास्टर, मग डोळे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण यात गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा पुरता गेलाय, उजव्यात नळीतून बघितल्याएवढं उरलंय, तेवढं औषधानं राखू. आधी आणायला काय झालं होतं? आर्जव फायलीतले कागद लावत बसला. उत्तर बाईंना येत होतं, पण लेकाची अब्रू चारचौघांत काढायला जीभ रेटली नाही.

घरी आल्यावर मात्र ती रेटली. आर्जव अंगणात वाकड्या झालेल्या सायकलवरून लाइट सोडवत होता. म्हणाला, "आई, हा आण्णांच्या काठीला लावतो. त्यास्नी न्हाई दिसलं, तरी गाडीवाल्यांना आण्णा दिसतील."

"त्या गाडीवाल्यांना दिसंल रं!" बाई ओरडल्या. "रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला दिसंल. पोटच्या पोराला दिसलं न्हाई! बापाच्या डोळ्यात बघायचं सोडून माजी वाटी भोसकत बसलास!"

आर्जवच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना त्याची दया आली नाही.

"त्याला बोलू नगंस," आण्णा कट्ट्यावरून म्हणाले. आता अभिषेकाचं पाणी दुसरंच कुणीतरी शेंदणार होतं. "लाव रं काठीला. गुणा, तेवढं फडकं घाल परत. मला आता दोन्ही सारखंच हाय. उगी किडं कशाला मरायचं?"

बाईंनी ट्रंकेतून फडकं काढलं. इलॅस्टिक सैल झालं होतं, ते टाके घालून आवळलं आणि लाइटवर चढवलं. आर्जवनं लाइट काठीला बांधून, बटण दाबून, काठी आण्णांच्या डाव्या बाजूला भिंतीशी उभी केली. दिवस मावळायला आला होता.

थोड्या वेळानं आण्णांनी विचारलं, "चालू करून बघितला का रं?"

लाइट त्यांच्या खांद्यापासून वीतभरावर जळत होता.