अकरा वेळा टक्

"आला आणखी एक खोका. आता माणसांनी खुंटीला लटकायचं आणि सीडींनी पलंगावर पसरायचं," आई पुटपुटली. पुटपुटली म्हणजे काय, थोरलीच्या कानाला जवळजवळ चिकटूनच बोलली.

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पार्सलची चिकटपट्टी नखाने उचकटली. आत दहा सीडींचा जॅझचा खोका होता, एक कोपरा प्रवासात चेपलेला. ती पुस्तकबांधणीचं काम करायची, त्यामुळे पुठ्ठा दिसला की डोळ्यांआधी तिची बोटंच निकाल द्यायची. "डिंक हलका मारलाय. वर्षभरात पाकिटं तोंड वासतील."

"मग घेतलास कशाला?"

"पुठ्ठा ऐकायचा नसतो, आई."

पंधरा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या रेकॉर्डीही. दिवसकार्य उरकून थोरली परगावी कामावर परतली होती. महिन्याभराने धाकट्या भावाचा फोन आला, की तळघरात पाणी शिरलं, रेकॉर्डी भिजल्या, टाकून द्याव्या लागल्या. ती आठवडाभर रडली आणि मग तिने ठरवलं, बाबांची फळी पुन्हा भरायची. एकही तबकडी कमी नको. जुन्या रेकॉर्डी परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून ती स्वस्तातल्या खोक्यांकडे वळली. पुढे आईजवळ राहायला आली तेव्हा कपडे एका बॅगेत आले आणि खोके टेम्पोने.

स्वस्त खोक्यात सोनं आणि केर एकाच पाकिटात येतो, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं. कोणी कंपनी मूळ फितीवरून उतरवून घेते, कोणी जुन्या रेकॉर्डीवरून, कोणी सरळ दुसऱ्याची सीडी उचलते. कोणी खरखर घालवायच्या नादात आवाज असा घासून काढते, की झांजा वाजल्या तरी शेजारच्या खोलीत कोणी कागद चुरगाळतंय असं वाटावं. थोरलीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिची युक्ती एकच, ओरखडे मोजायचे. रेकॉर्डीवर ओरखडा असला की तबकडीच्या दर फेऱ्याला, सुमारे पावणेदोन सेकंदांनी, एक टक् येतो. दोन कंपन्यांच्या सीडींवर तोच टक् त्याच जागी आला, की समजायचं, एकीने दुसरीची उचलली. अशा तीन चोऱ्या तिने पकडून वहीत नोंदवल्या होत्या. दूरदूरचे शौकीन आता खोका घेण्याआधी तिला विचारायचे, आणि ती एका ओळीत कळवायची, 'घ्या' किंवा 'चहा प्या आणि विसरा'.

नव्या खोक्यातली चौथी सीडी तिने कामाच्या टेबलावर लावली आणि एका जाड पुस्तकाच्या कण्याला डिंक लावायला घेतला. तिसऱ्या तुकड्यात सॅक्सोफोन सुरू झाला.

टक्.

कुंचला थांबला. टक्. टक्. ती नकळत मोजू लागली. अकरा झाले, खर्जात वाजणाऱ्या बासचे दोन सूर गिळले गेले आणि वाजवणं पुढे सरकलं.

हा ओरखडा तिनेच काढलेला होता. सात वर्षांची असताना आईने तिला बाबांना जेवायला बोलवायला पाठवलं. तीन हाका मारूनही बाबा हलले नाहीत, तेव्हा तिने सरळ सुईचा दांडा ओढला. बाबांनी मधेच हात धरला; तोवर तबकडीच्या शेजारशेजारच्या अकरा रेघा कापल्या गेल्या होत्या. ते रागावले नाहीत, पुढे ती रेकॉर्ड तशीच वाजत राहिली. थोरलीच्या लेखी तो तुकडा अकरा टकांसकटच पुरा होत होता.

तिने फळीवरून दुसरे दोन खोके काढले. दोन्हींत हाच तुकडा होता. दोन्हींत टक् नव्हता, बास पुरा होता. मग नव्या खोक्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं तिने भिंग लावून वाचली. 'खाजगी संग्रहातील रेकॉर्डवरून.'

भिजून फेकलेली रेकॉर्ड कुठल्याशा संग्रहात कशी पोचते? डिंक वाटीतच सुकला. थोरलीने फोन उचलला. "रविवारी ये. एकटाच."

"काय झालं ताई? आईला बरं नाही का?"

"आई ठणठणीत आहे. तू ये."

रविवारी धाकटा आला. आई खिडकीपाशी बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. थोरलीने मधोमध खुर्ची ठेवली, त्याला बसवलं आणि सीडी लावली. टक् आला की ती बोट वर करायची. अकराव्या बोटाला तिने सीडी थांबवली.

"जुन्या सगळ्याच रेकॉर्डी टकटकतात गं," धाकटा म्हणाला.

"हं, ही दुसरी ऐक." तिने दुसऱ्या खोक्यातला तोच तुकडा लावला, मग तिसऱ्यातला. "आहे टक्?"

"नाही."

"आणि बासचे दोन सूर?"

"मला बास आणि बाकडं यातला फरक कळत नाही, तुला माहितेय."

"पाणी कळतं ना? तळघरात किती शिरलं होतं?"

"घोट्याएवढं. म्हणजे... गुडघ्याएवढं."

"फळी तर खांद्याएवढी होती."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने तीच चादर उलगडून पुन्हा घडी घालायला घेतली.

"बरं," तो म्हणाला. "मी दिल्या. मी देऊन टाकल्या असं समज. झालं?"

"कोणाला?"

"एका माणसाला."

"एका माणसाला! नशीब, घोड्याला नाही दिल्यास. कसा होता तो? नेल्या कशात?"

"ताई, सोड ना. तू सगळं पुन्हा जमवलंस की. याहून छान वाजतंय."

"याहून छान नकोय मला!" थोरलीचा आवाज चढला. "पंधरा वर्षं मी फळी भरतेय. प्रत्येक खोका फोडताना म्हणते, पाण्याने नेलं, माणसाने नाही. पाण्यावर रुसता येत नाही. तुझ्यावर येतं. नुसतं रुसणं नाही, पुन्हा तोंड बघणार नाही तुझं. खरं सांगितल्याशिवाय या खुर्चीवरून उठायचं नाही."

धाकटा उठला नाही. कान लाल करून खाली बघत राहिला. लहानपणी दुसऱ्याचा मार स्वतःवर घेताना बसायचा, अगदी तसाच. थोरलीला ते बसणं ओळखीचं होतं. देणारा हा नव्हेच.

ती सावकाश खिडकीकडे वळली.

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. चादर तिने मांडीवर ठेवली. "पाण्याचं मीच त्याला सांगायला लावलं. रेकॉर्डी मी दिल्या. जुन्या रेकॉर्डी नेतो अशी जाहिरात बघून बोलावला एका माणसाला. दोन खेपांत घेऊन गेला. फुकट. वर चहा पाजला त्याला, मन बदलू नये म्हणून."

"आई, बाबांच्या रेकॉर्डी! त्यांचा जीव होता त्यांच्यात."

"तेच तर. तुम्हा दोघांचा होता. तू त्यांच्या पायाशी बसायचीस, ते डोळे मिटायचे. मी दाराशी उभी राहून भाजी काय करू विचारायची, कोणाचा ताप उतरत नाही ते सांगायची. ते हात वर करायचे, थांब, हा तुकडा संपू दे. एक संपला की दुसरा. बेचाळीस वर्षं मी दाराशी उभी होते, बाळा. माणूस वाईट नव्हता. कधी चढ्या आवाजात बोलला नाही. बोललाच नाही."

धाकटा हळूच म्हणाला, "आई, राहू दे."

"राहू दे, राहू दे करत म्हातारी झाले. ही खोके आणत राहिली आणि मी खोक्यांवर कुरकुर करत राहिले. म्हटलं, मला खोके नकोत एवढंच कळू दे हिला, पुढचं नको."

"पुढचं काय?" थोरलीने विचारलं.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

"ते गेले तेव्हा मी रडले, ते खरं होतं. पण त्या रात्री घर शांत झालं, आणि मला बरं वाटलं."