माझा साडेसहा किलोंचा हीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. दोन सीटांची, बुटकी, नाकाने रस्त्याचा वास घेत धावणारी. माणसे मला स्पोर्ट्स कार म्हणतात. म्हणोत बापडी! गेली तीन वर्षे माझे डोके फिरलेले आहे, आणि ते का फिरले हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझे इंजिन काही थंड व्हायचे नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला रंग देताना रंगाऱ्याला शिंक आली आणि डाव्या दारावर रंगाचा एक थेंब जास्तीचा बसला. त्याला मी तीळ म्हणते. तरुणपणी मी अशी धावत असे, की माझा हॉर्न लोकांना मी निघून गेल्यावर ऐकू येई आणि वळणावरची झाडे मला पाहून अंग चोरून उभी राहत. झाडांचे खोटे वाटत असेल तर सोडा. हॉर्नचे मात्र खरे आहे.

माझे पहिले मालक अप्पा. ते घड्याळजी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन घाटशर्यत गाठायची, हा त्यांचा नेम. घाटशर्यतीत शेजारी कुणी धावत नसते बरे का! एकेक गाडी एकटीने घाट चढते. पायथ्याशी घड्याळ सुरू होते, माथ्यावर बंद होते. सगळा हौशी लोकांचा मामला. बक्षीस म्हणून पत्र्याचा कप मिळतो, ज्यात धड चहासुद्धा पिता येत नाही.

पण गाड्यांचे गट असतात. पाचवीच्या पोराला दहावीच्या पोराशी कुस्ती खेळायला लावत नाहीत, तसेच हे. साध्या गाड्यांचा एक गट, थोड्याफार सुधारलेल्यांचा मधला, आणि निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या राक्षसांचा वरचा. मधल्या गटात अप्पांनी मला दोन मिनिटे, अकरा सेकंद आणि चार दशांशांत वर नेले. तीस वर्षे तो वेळ कुणी मोडला नाही. आणि तीस वर्षे तो वेळ घरात प्रत्येक जेवणाला मिठासारखा वाढला गेला.

पुढे अप्पांच्या गुडघ्यांनी संप केला आणि माझ्यावर कापड पडले. एका मांजरीने माझ्या सीटवर तीन पिढ्या वाढवल्या. त्यातल्या एका बोक्याला अजूनही क्लचवर डोके ठेवल्याशिवाय झोप लागत नाही म्हणतात.

एके दिवशी अप्पांच्या लेकीने ते कापड ओढले. तिचे चष्म्याचे दुकान आहे. नजर बापासारखीच बारीक.

“अप्पा, याच गाडीनं, याच गटात, तुमचा वेळ मोडणार मी.”

“मोड की! मी काय मुठीत धरून ठेवलाय?” अप्पा म्हणाले. ठेवला होता.

इथवर सगळे छान होते. मग आला तिचा नवरा. जावई म्हणजे दहावा ग्रह, असे म्हणतात. माझ्या पत्रिकेत तो नेमका इंजिनावर येऊन बसला. लेथवर काम करणारा माणूस, हात सोन्याचे, पण रिकामे राहिले की त्यांना खाज सुटते. “वजन गेलं की वेग आला,” हा त्याचा मंत्र.

पहिल्या वर्षी त्याने माझी डावी सीट काढून टाकली. शर्यतीच्या दिवशी तपासनीस बाईंनी दार उघडले, आत पाहिले आणि म्हणाल्या, “मधल्या गटाला दोन्ही सीटा लागतात. वरच्या गटात जा.” मी राक्षसांत उभी! एकेकाच्या पाठीवर माझ्या बोनेटएवढे पंख. त्या दिवशी घाटात एका गोगलगायीने मला मागून हॉर्न दिला. हसू नका, मला अजून लागते ते.

दुसऱ्या वर्षी सीट परत आली, पण याने माझे सिलिंडर घासून मोठे केले. मधल्या गटाची मर्यादा चौदाशे सीसी. मी भरले चौदाशे चार. चार सीसी म्हणजे किती? चहाचा चमचासुद्धा भरत नाही! पुन्हा राक्षसांत.

अप्पा तेव्हा म्हणाले, “जावईबापू, घड्याळाच्या चाकाला एक दात जास्त लावला तर घड्याळ जोरात चालत नाही, बंद पडतं.”

“अप्पा, हे घड्याळ नाही, गाडी आहे.”

“तेच तर. घड्याळ निदान घरच्या घरी बंद पडतं.”

तिसऱ्या वर्षी बातमी आली, की डोंगरातून बोगदा होणार आणि त्या कामासाठी घाटाचा रस्ता तोडणार. ही शेवटची शर्यत. लेकीने नवऱ्याला समोर बसवून सांगितले, “या वर्षी वेळ मोडला तर मोडला. नाहीतर जन्मभर जेवताना ते चार दशांश ऐकायचे.” त्याने कानाला हात लावले. सिलिंडरांच्या आत नवे स्लीव्ह, म्हणजे पातळ नळकांडी, बसवून मला जुन्या मापावर आणले. मीही मनात म्हटले, सुटले बाई एकदाची.

शर्यतीच्या आदल्या दुपारी तो मला पुसत होता. पुसता पुसता त्याची नजर माझ्या हीटरवर गेली.

“उन्हाळ्यात हीटर कशाला?” तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, मी काय करणार? निषेध म्हणून जमिनीवर तेलाचा एक थेंब टाकला. त्याने तोही पुसला. आणि चार बोल्ट खोलून माझा हीटर कोपऱ्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंनी मला काट्यावर चढवले. “सहाशे चौऱ्याण्णव. मधल्या गटाला किमान सातशे किलो लागतात. सहा कमी आहेत. वरच्या गटात लिहू?”

लेकीने हळूच नवऱ्याकडे वळून पाहिले. “काय काढलंस?”

“काही नाही गं... हीटर फक्त.”

“फक्त?”

“डिकीत दगड ठेवतो ना!”

“सुटं वजन चालत नाही,” बाई म्हणाल्या. “बोल्टनं आवळलेलं हवं. तुमचा नंबर यायला पस्तीस मिनिटं आहेत.”

घर तासाभराच्या वाटेवर. जावई कपाळाला हात लावून मडगार्डवर बसला. आणि मला मात्र समोर दिसत होते! झाडाखाली अप्पा घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पाय एका खोक्यावर ठेवले होते, खोक्यावर शाल होती आणि शालीखालून माझ्या हीटरचा काळा कोपरा डोकावत होता. मी जीव तोडून डावा इंडिकेटर मिचकावला.

“वायरिंग ढिलं आहे वाटतं,” जावई म्हणाला.

सांगा, अशा माणसापुढे डोके फुटेल नाहीतर काय होईल?

लेक अप्पांपाशी गेली. “अप्पा, राहिला तुमचा वेळ. आता कायमचाच राहिला.”

अप्पांनी आभाळाकडे पाहिले. मग घाटाकडे. दशांशांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाने दोन अख्खी मिनिटे वाया घालवली. मग म्हणाले, “जावईबापू, इकडे या. तीन वर्षांत इतकं काढलंत. काढण्याआधी मला एकदा तरी विचारलंत?”

“नाही अप्पा.”

“मग आता विचारा.”

जावयाने मान खाली घातली. “अप्पा, काय करू?”

अप्पांनी पाय उचलले, शाल ओढली आणि खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता. तेल लावलेले चार बोल्ट होते, वायसरांसकट.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” लेक ओरडली.

“नियमांचं पुस्तक मी दरवर्षी वाचतो. चष्मा तूच दिलायस ना?”

जावयाने सात मिनिटांत हीटर जुन्या भोकांवर आवळला. नळ्या जोडायला वेळ नव्हता. काटा म्हणाला, सातशे आणि वर अर्धा किलो. बाईंनी मधल्या गटात शिक्का मारला.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत चौथ्या वळणावर लेकीने घाबरून लवकर ब्रेक दाबला. दोन मिनिटे बारा. आम्ही खाली परतलो, तर जावई स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या आरशाकडे बघतोय.

“अर्धा किलो जास्तीचा आहे ना आपल्याकडे...”

“हात खिशात!” लेक म्हणाली.

“अगं, पण आरसा...”

“दोन्ही हात.”

दुसऱ्या फेरीत चौथ्या वळणावर तिने ब्रेकला पाय लावला तो इतक्या उशिरा, की माझा तीळसुद्धा पांढरा पडला. पण मी रस्ता सोडला नाही. तीस वर्षांपूर्वी त्याच वळणावर अप्पांनी मला हेच शिकवले होते. माथ्यावरची शेवटची रेषा ओलांडली आणि कर्ण्यावरून आवाज आला. दोन मिनिटे, अकरा सेकंद, एक दशांश.

आम्ही खाली आलो तेव्हा अप्पा आपले घड्याळ कानाला लावून बघत होते, बंद तर नाही ना पडले म्हणून. मग ते उठले, लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “माझ्या वेळी रस्ता खडबडीत होता.” पण डोळे पुसायला त्यांनी शालीचे टोक शोधले, ते मी आरशात पाहिले. बरे झाले, आरसा जागेवर होता.

आता तो रस्ता तोडला आहे. जेवताना अप्पा नवा वेळ सांगतात, आणि पुढे “माझ्या हीटरसकट” असे न चुकता जोडतात. लोक येतात, माझ्या बोनेटवरून हात फिरवतात, फोटो काढतात.

मित्रांनो, कुणाची कुठलीही वस्तू काढण्याआधी ती तिथे कुणी आणि कशासाठी बसवली होती, एवढे विचारत जा. घरात विचारण्यासारखे एखादे म्हातारे माणूस असतेच. ते आपणहून सांगणार नाही, पाय वर करून बसेल. तरी विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणाची त्या जावयाशी भेट झाली, तर माझा एक निरोप द्या. थंडी सुरू झाली आहे. हीटर जागेवर आहे, पण त्याच्या दोन नळ्या अजून कुणी जोडलेल्या नाहीत.