एक नंबर, एक सभासद

मिथुनभाऊच्या कॉम्प्युटरवर 'नवीन', 'नवीन फायनल', 'फायनल खरंच' अन् 'हेच वापरा' असे फोल्डर आहेत. सारे एकाच वेबसाइटचे. त्यातलं चालू कोणतं, हे त्यालेही सांगता येत नाही. मले ते पाहूनच शिसारी येते.

हा माणूस माझा मालक. भंडाऱ्यात बसस्टँडच्या मागं आमचं ऑफिस, अन् मी तिथला एकुलता एक प्रोग्रामर. सिहोऱ्याकडच्या एका गावच्या मच्छीमार संस्थेची वेबसाइट मी बनवली. सभासदांची यादी, निवडणूक, सारं त्यावरच. साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे तो फुकटचा. कोणीही घ्यावा, आपल्या सोयीनं बदलावा. पण त्याचा एक नियम होता, एका मोबाइल नंबरवर एकच सभासद. आता गावात नवरा-बायको दोघंही सभासद अन् घरात मोबाइल एक. म्हणून मी फ्रेमवर्कच्या आत जाऊन तो नियमच बदलला.

बदलला म्हणजे रीतसर. गिट म्हणजे कोडातल्या बदलांचं खातं. त्यात त्यांचा मूळ कोड एका ब्रँचवर, म्हणजे एका फांदीवर, आपले बदल दुसऱ्या ब्रँचवर. नवीन व्हर्जन आलं की मूळ ब्रँचवर उतरवायचं, मग त्यात आपले बदल मिसळायचे. जिथं दोघांचं जमत नाही तिथं आपण बसून निवाडा करायचा. हे मी मिथुनभाऊले दहादा समजावलं. तो दरवेळी मान हलवत पान चघळत राहिला.

बहिणीच्या लग्नासाठी मी पवनीले गेलो, अन् इकडं नवीन व्हर्जन आलं. यानं ते डाउनलोड केलं अन् सरळ सर्व्हरवर जुन्याच्या उरावर टाकलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. माझे बदल पुसले, जुना नियम परत आला. एका नंबरवरचं पहिलं नाव राहिलं, बाकीची बंद झाली. पहिलं नाव म्हणजे नवऱ्याचं. रविवारी अध्यक्षाची निवडणूक, अन् संस्थेतल्या साऱ्या बाया यादीतून गायब.

त्यात सखाबाईही गेली. ती अध्यक्ष हिरालालच्या विरोधात उभी होती. हिरालाल दरसाल तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती देते, अन् गावचे ढीवर, पिढीजात मच्छीमार, आपल्याच तलावावर मजुरी करतात. हे बंद करायचं म्हणून ती उभी. यादीत नाव नाही तर उमेदवारीही नाही.

परत आल्या आल्या मी खुर्ची ओढली.

"भाऊ, माझी ब्रँच शाबूत आहे. नवीन व्हर्जनमध्ये मिसळतो, दुपारपर्यंत नावं परत येतील."

"थांब," मिथुनभाऊ म्हणाला. "हिरालालजीचा फोन आलता. यादी चांगली झाली म्हणे. सोमवारी कर तुझं काय ते."

"काहून सोमवारी? मतदान रविवारी आहे."

"तूच म्हणते न, आपण बदल केला. ओरिजनल कोडात हाच नियम आहे. आपण ओरिजनल चालवून राहिलो. यात चूक काय?"

आधी गाढवपणा केला, अन् आता त्या गाढवपणालेच शेंदूर फासून राहिला. पण पगार त्याच्या हातचा. मी तोंड दाबून मिसळण्याचं काम माझ्या मशीनवर करून ठेवलं, सर्व्हरवर टाकलं नाही. स्वतःचीही किळस आली.

दुसऱ्या दिवशी सखाबाई एसटीनं आली. पन्नाशीची बाई, सावकाश बोलणारी. मिथुनभाऊनं तिले खुर्ची दिली, चहा सांगितला. चोर तो चोर, वर पाहुणचार.

"मावशी, कॉम्प्युटरचा नियम आहे. एक नंबर, एक सभासद. आमच्या हातात काही नाही."

सखाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनवर नजर ठेवली.

"मतदान कसं होते बाबू?" तिनं मलेच विचारलं.

"संस्थेच्या ऑफिसात टॅबवर," मी म्हणालो. "नाव निवडलं की ओटीपी येते. तो टाकला की मत पडते."

"ओटीपी कोठी येते?"

"यादीत जो नंबर आहे, त्या फोनवर."

तिनं कमरेच्या बटव्यातून फोन काढला. "हा नंबर. माह्या नवऱ्याच्या नावापुढं लावला तुम्ही. पण फोन माहा आहे. बचत गटाचं खातं काढलं तवा साऱ्या बायाईनं आपापल्या आधारवर सिम घेतले. माणसं फोन लावाले आमच्याजवळ येतात."

मिथुनभाऊचं पान चघळणं थांबलं.

सखाबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसली अन् फोन लावत राहिली. एकेक बाईले सांगून राहिली, रविवारी फोन घरी ठेवायचा नाही, घेऊन तलावावर जायचं, कोणाले द्यायचा नाही. मले सारं ऐकू येत होतं. आत आली तेव्हा तिचा चहा थंड झाला होता. तिनं तसाच पिला.

"हिरालालच्या बायकोले, देवकाबाईले बी सांगतलं," ती म्हणाली. "तिचंही नाव उडालं न."

थोड्या वेळानं मिथुनभाऊचा फोन वाजला. पलीकडं हिरालाल. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण याचं "हो जी, हो जी" चालू होतं. घरच्याच बाईनं फोन द्यायले नकार दिला की अध्यक्षालेही मत टाकता येत नाही, एवढं त्याले समजलं असावं.

"टाक रे तुझी ती ब्रँच," मिथुनभाऊ माझ्याकडं न पाहता म्हणाला. मग सखाबाईकडं वळून गोड हसला. "मावशी, तुमच्यासाठी खास करून देतो."

खास! याच्या जिभेले हाड नाही. मी तयार ठेवलेला कोड सर्व्हरवर चढवला, बंद झालेली नावं चालू केली. सखाबाईले स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं. तिनं बोट ठेवून वाचलं, खाली देवकाबाईचंही वाचलं.

"आता पुन्हा नाही न जाणार?"

मले खोटं बोलवलं नाही. "नवीन व्हर्जन येते मावशी. भाऊनं पुन्हा सरळ वरून टाकलं, तर जाईल."

तिनं मिथुनभाऊकडं पाहिलं. रागानं नाही, बाजारात शिळी मासोळी पाहावी तसं.

"मंग किल्ली याच्याजवळ कायले ठेवता?"

मिथुनभाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मी कीबोर्ड जवळ ओढला अन् त्याच्यासमोरच सर्व्हरचा पासवर्ड बदलला. त्याले विचारलं नाही.