खिळ्यावरची गाठी

मित्रांनो, मला जरा नाकाशी धरून बघा. साखरेचा वास येतो ना? मी गाठ्यांचा साचा आहे. सागवानी, जुना आणि एका कोपऱ्याला थोडा चावलेला. होळीला तुमच्या गळ्यात साखरेची जी पांढरीशुभ्र माळ पडते, ती माझ्यासारख्याच एखाद्याच्या अंगावर तयार होते. तुम्ही ती कुडुमकुडुम खाता, दोरा फेकून देता आणि पळता खेळायला. साच्याची आठवण कोणाला येते? पण राहू द्या, मी काही रुसायला बसलेलो नाही. मला एका खिळ्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना अजूनही माझ्या लाकडात कापरं भरतं.

वसमतच्या इस्माईल सुताराने मला घडवलं. पटाशीने एकेक खळगी कोरली, दोन ओळी केल्या आणि प्रत्येक ओळीच्या मधोमध एक मोठं पदक काढलं. मग माझ्या अंगावरून बोट फिरवून तो म्हणाला, "बराबर झालं. आता साखर अडायची न्हाई." तिथून मी नरसीला आलो, संतरामच्या बापाच्या घरी. नामदेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. चिरमुरे, बत्तासे, कुंकू, नारळ असा माल. बाप गेला, दुकान संतरामकडे आलं आणि मीही आलो.

वर्षभर मी मागच्या खोलीत फळीवर पडून असतो. महाशिवरात्र उलटली, पळस लाल झाला आणि रानातून हळद शिजवल्याचा वास यायला लागला, की मला खाली काढतात. आधी पाण्याच्या घंगाळात चांगलं बुडवून ठेवतात. हे फार महत्त्वाचं बरं का! कोरडं लाकूड साखरेला धरून बसतं, काही केल्या सोडत नाही आणि ओढायला जावं तर गाठी मोडते. मी भिजलो, की माझ्या खळग्यांतून दोरा टाकतात. चुलीवर पाक उकळत असतो. शेजारची पंचफुलाबाई शेळीचं दूध घेऊन येते, त्याचा शिंतोडा मारला की साखरेची सगळी मळी वर येते. मग संतराम पळीने पाक ओततो. त्या वेळी जो चटका बसतो ना, मित्रांनो, त्याला तोड नाही. पण आम्हा साच्यांना त्याचीच चटक असते.

या घरात एक रीत होती. पहिल्या घाण्याच्या दोन गाठ्या विकायच्या नाहीत. एक नामदेवाच्या पायाशी वाहायची आणि दुसरी घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराच्या गळ्यात घालायची. लेकराने ती पाडव्यापर्यंत मिरवायची आणि मग खायची. संतराम लहान असताना ती त्याने घातली. पुढे त्याच्या मुलाने, प्रेमानंदने घातली.

हा प्रेमानंद म्हणजे पक्का अवली! पहिले दात येत होते तेव्हा त्याला कुठे काय चावू आणि काय नको असं व्हायचं. त्याची आई शिवकन्या पाकाकडे बघत होती आणि हे पोरगं रांगत रांगत आलं ते थेट माझ्या कोपऱ्याला भिडलं. मला चांगलं कडकडून चावलं! शेवटच्या खळगीच्या काठाला दोन बारीक खड्डे पडले. संतराम ओरडला, "अगं, साचा खाऊन राहिलं पोरगं!" आणि शिवकन्या इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या दिवसापासून माझ्या गाठीच्या शेवटच्या पाकळीवर साखरेचे दोन बारीक दाणे येतात. गिऱ्हाइकाला ते कळतही नाहीत. मला कळतात, आणि शिवकन्येला.

पुढे एका पावसाळ्यात पंचफुलाबाईचं एक करडू चुकलं. प्रेमानंद शाळेतून आला आणि दप्तर मागच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून त्याला शोधायला हळदीच्या वावरात गेला. करडू परत आलं. प्रेमानंदला मात्र वावरात साप चावला होता. दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं.

त्या वर्षी शिवकन्येला दिवस गेलेले होते. होळी आली. संतरामने मन घट्ट करून पहिला घाणा काढला, पण पहिली गाठी घालायची कोणाच्या गळ्यात? घरात लेकरूच नव्हतं. शिवकन्येने ती उचलली आणि दप्तराच्या खिळ्याला अडकवली.   हळूहळू भिंतीवरून मुंग्यांची रांग लागली. पाडव्याच्या सकाळी खिळ्यावर दप्तराशेजारी नुसता दोरा लोंबत होता. शिवकन्या त्या दोऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खाल्ली. माह्या लेकरानं खाल्ली."

झालं! त्या दिवसापासून त्या घरात मुंगीला कोणी हात लावायचा नाही.

रागिणी जन्मली. पोर गोड, बोलकी. तिची पहिली होळी आली तेव्हा शिवकन्या म्हणाली, "तिला कुठं दात हाईत?" आणि गाठी खिळ्याला गेली. दुसऱ्या होळीला म्हणाली, "पुढच्या साली बघू." मग म्हणणंही बंद झालं. संतराम गुपचूप हिंगोलीच्या बाजारातून एक गुलाबी गाठी आणायचा आणि पोरीच्या गळ्यात घालायचा. मित्रांनो, माझी केवढी ही शोभा! आख्ख्या नरसीची लेकरं माझ्या गाठ्या घालून हिंडायची आणि गाठीवाल्याच्या पोरीच्या गळ्यात बाजारातली गाठी. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि दुपारी घर सामसूम असलं की माझ्या कोपऱ्याला ओल यायची, त्या दोन खड्ड्यांपाशीच. लाळेसारखी कोमट. लाकूड ओल धरतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी फळीवर होतो, भर उन्हाळा होता आणि घंगाळ उपडं पडलेलं होतं. ओल आली की मी श्वास रोखून खिळ्याकडे बघायचो. खिळ्यावरचं दप्तर हलायचं. वाऱ्याने हलत असेल. पण खिडकी बंद असायची.

रागिणीला मात्र या कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटायची. मुंग्या दिसल्या की ती टाळ्या पिटायची. "दादा आला! दादा आला!" खिळ्याखाली बसून गप्पा मारायची, अर्धा बत्तासा तिथे ठेवायची. शेजारच्या पोरी खेळायला आल्या तर त्यांना म्हणायची, "हळू चाला गं, दादा पायाखाली येईल." पोरी घाबरून यायच्या बंद झाल्या. तरी शिवकन्येला काही दिसत नव्हतं. तिचे डोळे खिळ्यावर होते.

आता ऐका यंदाचं. होळीला आठवडा राहिला होता. गल्लीतल्या लेकरांनी शेणाच्या चाकोल्या थापल्या होत्या, मधे भोक पाडून उन्हात वाळत घातल्या होत्या. रानातून हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा वास येत होता. संतराम खुशीत होता. मला घंगाळातून काढून पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "यंदा पयली रागीला घालावं म्हणतो. शाळेत जाईल आता ती."

शिवकन्येने पाक ढवळायचा थांबवला नाही. "अन् त्यानं काय खायचं?" एवढंच म्हणाली.

 कढईला चिकटलेली साखर खरवडून खात रागिणी तिथेच बसली होती. तिने सगळं ऐकलं. पहिला घाणा निघाला, पहिली गाठी खिळ्याला गेली. रागिणीने हातातली खरवड खाली ठेवली आणि उठून गेली. त्या दिवसापासून तिने गोडाला तोंड लावलं नाही. बापाने आणलेली गुलाबी गाठी तिने गळ्यातून काढून मांजराच्या गळ्यात घातली. मांजर ती पाडून पळून गेलं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी संतराम दुकानात होता. शिवकन्या अंगणात गाठ्यांचे जुडगे बांधत होती. मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून वाळत होतो. रागिणी आत आली. तिने ओंजळीत पळसाची फुलं आणली होती. तिने आधी खिळ्याकडे पाहिलं. गाठी लटकत होती आणि मुंग्या चढत होत्या. मग ती खिळ्याखाली उताणी निजली, फुलं छातीवर ठेवली, हात अंगालगत सरळ केले आणि डोळे मिटले.

पोर हलेना. भिंतीवरच्या चार मुंग्या खाली उतरल्या आणि तिच्या हातावर चढल्या. तरीही ती हलेना. माझा कोपरा ओलाचिंब झाला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती! साच्याला नुसतं बघता येतं.

शिवकन्या सुतळी घ्यायला आत आली. तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून पंचफुलाबाई दुधाचं भांडं तसंच घेऊन धावत आली. शिवकन्येने पोरीला उचलून गदागदा हलवलं. "रागे! ए रागे! काहून अशी निजलीस गं? बोल की!"

रागिणीने डोळे उघडले. रडली नाही, हसलीही नाही. अगदी शहाण्यासारखं विचारलं, "माय, मी मेले. आता मला बी पयली गाठी देशील का?"

 शिवकन्या पोरीला मांडीवर घेऊन खाली बसली. पंचफुलाबाई उंबऱ्यातच उभी होती. इतकी वर्षं ती रोज दूध द्यायची आणि मान खाली घालून जायची. करडू तिचं होतं ना! प्रेमानंदचं नाव तिने या घरात कधी काढलं नव्हतं. आज तिने भांडं खाली ठेवलं.

"शिवकन्ये," ती म्हणाली, "तुहं लेकरू माह्या करडापायी गेलं. मी रोज मरून राहिले, बाई. तुला बोलायचं तोंड न्हाई मला. पर हे दुसरं तुह्या हातानं धाडू नको."

शिवकन्या ओक्साबोक्शी रडली. किती वेळ रडली ते मला सांगता यायचं नाही. रागिणी पदराने तिचे डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "नको रडू माय, मी उठले की."

मग शिवकन्या उभी राहिली. खिळ्यावरची गाठी तिने काढली. माझ्या लाकडात कापरं भरलं, कारण आता काय होणार हे मला कळेना. तिने गाठी दारात नेली आणि झटकली. मुंग्या खाली पडल्या. राहिलेल्या तिने फुंकून काढल्या, एकेक पाकळी पदराने पुसली. ज्या घरात मुंगीवर पाय पडला तरी ती कळवळायची, त्या घरात तिने स्वतःच्या हाताने मुंग्या झटकल्या. मग रागिणीला जवळ ओढून गाठी तिच्या गळ्यात घातली.

रागिणी घाबरली. "अन् दादा? दादा उपाशी राहील."

"दादाचं पोट भरलं, बाई," शिवकन्या म्हणाली. "लई खाल्लं त्यानं. आता तू खा."

खरं म्हणजे पाडव्यापर्यंत थांबायची रीत. पण पोर किती थांबणार? तिने सगळ्यात शेवटची पाकळी तोंडात धरली आणि एकदम थांबली. "माय, हितं दोन दाणे हाईत. जिभेला लागून राहिले."

तेव्हा शिवकन्येने मला उचललं, पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि तो कोपरा दाखवला. "हे तुह्या दादाचे दात. तवा रांगत व्हता. साचा खायला निघालता, येडा!" आणि सांगता सांगता ती हसली. तेच हसू, डोळ्यांना पदर लावायला लावणारं. इतक्या वर्षांत त्या पोरीला दादा कसा मेला तेवढंच माहीत होतं. दादा कसा होता, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पंचफुलाबाईही दूध चुलीवर ठेवून टेकली, आणि त्याच्या खोड्या सांगताना तिघींना चुलीवरच्या दुधाचंही भान राहिलं नाही. दूध सगळं उतू गेलं.

मित्रांनो, मी आता फार वर्षं टिकायचो नाही. माझ्या पाठीला चीर गेली आहे. एवढंच मागणं आहे, की माझ्यासारखा साचा तुमच्या घरी असेल तर त्याला कोरडा ठेवू नका, पाण्यात भिजवत जा. साखर तेवढ्यापुरती धरायची आणि मग सोडायची, हेच आमचं काम. ज्याला सोडता येत नाही, त्याच्याकडून सगळं मोडून निघतं. आणि घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराला पहिली गाठी द्या. जिवंत लेकराला.

पाडवा झाला. मला पुन्हा फळीवर ठेवायचं होतं, तोवर मी भिंतीशी पडून होतो. भर दुपारी माझ्या कोपऱ्याला ओल लागली. कोमट, लाळेसारखी. मी दचकलो. खिळ्याकडे पाहिलं, तर खिळा रिकामा. दप्तरही नव्हतं. दप्तर खाली होतं, रागिणीच्या पाठीवर. आणि ती माझ्यावर ओणवी होऊन त्या दोन खड्ड्यांत आपले दात बसवून बघत होती.

बसेनात. तिने पुन्हा तोंड आ करून बघितलं. मग तिथूनच ओरडली, "माय! दादा माझ्यापेक्षा बारका हाय गं!"

 चुलीपासून शिवकन्येचा आवाज आला, "व्हय गं बाई. आता तूच मोठी."