माफी कुणाकडे मागितली?

मिलकाबाई वाकरूळकर नागपूरच्या सदर भागातल्या एका मिशन शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. शाळेत त्या एकट्याच यहुदी. रेल्वेच्या नोकऱ्यांपायी कोकणातून नागपुरात आलेल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची, आता पाच-सहाच घरं उरली होती. बाकीची कुणी मुंबईला गेली, कुणी इस्राएलला. मिलकाबाईंची मुलगीही तिकडेच होती. नवरा शालोम जाऊन सात वर्षं झाली होती.

१९६८चा सप्टेंबर. शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा जागवणारी प्रार्थनासभा, भरली होती आणि शुक्रवारी दुपारी सगळ्या शिक्षकांना तिथं बसणं भाग होतं. मिलकाबाई मागच्या बाकावर मुलींच्या झबल्यांना काजं करत बसल्या. असल्या सभा त्यांनी वीस वर्षं ऐकल्या होत्या. कानावर पडायचं, निघून जायचं.

पाळक देवराव यांनी बाहेरगावी आपल्या मंडळीचं काम करणाऱ्या एका प्रचारकाला साक्ष द्यायला उभं केलं. मधुसूदन त्याचं नाव. टक्कल पडलेला, वाळलेला, पन्नाशीचा माणूस. तो खालच्या आवाजात बोलू लागला.

"मी मूळचा इथलाच. पंधरा वर्षांपूर्वी याच सदरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. एके दिवशी सिनेमाला जायची घाई होती. लावायचं औषध मी प्यायच्या बाटलीत भरलं. खापा गावची एक बाई ती बाटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती वारली."

मिलकाबाईंची सुई थांबली.

"रजिस्टरात सही माझी होती. मी ते पान फाडलं, नवीन लिहिलं आणि त्यावर दुसऱ्या कंपाउंडरची सही ठोकली. तो निर्दोष होता. त्याची नोकरी गेली, लायसन गेलं. मी छिंदवाड्याला पळालो, दारूत बुडालो. तिथं मला प्रभू ख्रिस्त भेटला. त्यानं माझं सगळं पाप आपल्या अंगावर घेतलं. कोकऱ्याच्या रक्तानं ते पान कोरं झालं! आज मला शांती आहे."

"हालेलूया," लोक म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मिलकाबाई उभ्या राहिल्या. मांडीवरची झबली खाली पडली.

"त्या दुसऱ्या माणसाचं नाव सांगा."

हॉलमधली सगळी डोकी मागे वळली. मधुसूदन गोंधळला. "बाई, त्यात आता…"

"देवाला सांगितलंत ना? मग आम्हालाही सांगा."

"शालोम," तो म्हणाला.

"शालोम एझरा वाकरूळकर. माझे यजमान. आठ वर्षं लाकडाच्या टालीवर ओंडके मोजत होते ते. सदरातून जाताना लोक बोट दाखवायचे, हाच तो यहुदी, यानंच बाईला विष पाजलं. त्यांनी जीव सोडला तेव्हाही त्यांच्या नावावर ते मरण होतं. आणि तुमचं पान कोरं झालं? कुणी केलं कोरं? तुम्ही माफी मागितलीत कुणाकडे?"

देवराव घाईघाईनं पुढे आले आणि सर्वांनी डोळे मिटून प्रार्थना करावी असं म्हणाले. मिलकाबाईंनी डोळे मिटले नाहीत. झबली गोळा करून त्या बाहेर पडल्या.

रविवारी दुपारी, चर्चची उपासना आटोपून, देवराव आणि मधुसूदन त्यांच्या खोलीवर आले. मिलकाबाईंनी पाणी दिलं, पण चहाचं विचारलं नाही.

"बाई, मले तुमचा पत्ता माहीत नव्हता," मधुसूदन म्हणाला. सभेतलं त्याचं शुद्ध बोलणं आता गळून पडलं होतं. "शालोमभाऊ गेले हेही मले परवाच समजलं."

"शोधलात का?"

मधुसूदननं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पहिल्या आठ वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं असतंत, तरी त्यांच्या हातात पडलं असतं."

"भीती वाटे. मंग प्रभूनं क्षमा केली तर वाटलं, आता सुटलो. मले शांती भेटली, बाई. खोटं नाही सांगून राहिलो."

"तुम्हाला शांती भेटली. शालोमना टाल भेटली."

देवराव घसा साफ करून बोलू लागले. सत्तरीचा, सौम्य माणूस; शाळेत सगळे त्यांना मान देत. "मिलकाबाई, तुमचा राग मी समजतो. पण ज्याला देवानं क्षमा केली त्याला दोषी धरणारे आपण कोण? रक्ताशिवाय पाप धुतलं जात नाही, हे तुमच्याच पूर्वजांना सांगितलं होतं. तुमचं मंदिर पडून एकोणीसशे वर्षं झाली. वेदी नाही, याजक नाही, बळी द्यायला बोकड नाही. तुम्ही दरवर्षी उपास करता, पण कशाच्या आधारावर? ख्रिस्ताच्या रूपानं तो शेवटचा बळी झाला आहे. तो तुमच्यासाठीही होता."

मिलकाबाईंचे वडील घरच्या नमाजाचे हाजान होते, म्हणजे प्रार्थना चालवणारे. लहानपणी शास्त्र त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

"पाळकसाहेब, बोकड होता तेव्हाचा कायदा तुम्ही पुरता वाचला नाहीत. ज्यानं शेजाऱ्याला लुबाडलं, खोटी शपथ घेतली, त्यानं आधी शेजाऱ्याकडं जायचं. घेतलेलं परत द्यायचं, वर आणखी भर घालायची. मग वेदीकडं. वेदी असतानाही शेजाऱ्याला ओलांडून देवाकडं जायची वाट नव्हती. आणि ज्याला बळीच्या पाखराचीही ऐपत नाही त्यानं थोडं पीठ आणलं तरी चालायचं. पिठात रक्त कुठं असतं?"

"ती सगळी पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची छाया होती."

"छाया तुमच्यासाठी असेल. आमच्यासाठी तो कायदा होता. आब्राहामानं बळी द्यायला मुलावर सुरी उचलली तेव्हा देवानं हात धरला. माणूस नको म्हणाला. आणि तुम्ही सांगता, एकानं गुन्हा करावा, दुसऱ्यानं मरावं, आणि पहिल्यानं सभेत टाळ्या घ्याव्यात. माझ्या घरात हे एकदा झालंय. मधुसूदनभाऊंचा गुन्हा शालोमनी अंगावर घेतला. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

देवरावांचा चेहरा लाल झाला. "ख्रिस्त स्वखुशीनं गेला, बाई. हा मोठा फरक आहे." मग थोडं थांबून ते शांतपणे म्हणाले, "आणि एक सांगा. खाप्याची ती बाई तर मेली. मधुसूदननं काय केलं म्हणजे ती परत येईल? तुमच्या मापानं कुणाचीच सुटका नाही. माणसाच्यानं भरून निघत नाही, म्हणून तर देवाला स्वतः यावं लागलं."

म्हातारा खोटं बोलत नव्हता.

"जे भरून निघत नाही ते देवावर सोडा," मिलकाबाई म्हणाल्या. "पण जे भरून निघण्यासारखं होतं ते? शालोमचं नाव स्वच्छ करता आलं असतं. त्याला देवाचा मुलगा लागत नव्हता. खाप्याला जाणारी बस लागत होती. त्या बाईचा मुलगा आहे तिथं. अजून तो माझ्या नवऱ्याला खुनी समजतो. त्याला जाऊन सांगा."

"आणि मंग?" मधुसूदननं विचारलं.

"ज्याचं वाईट केलं तो मेला असेल, तर आमच्यात दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जातात. तिथं मोठ्यानं सांगायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराध केला. एवढंच. बोकड नको."

देवराव उठले. "क्षमा मिळालेल्या माणसानं कबरीवर जाऊन पुन्हा क्षमा मागणं म्हणजे ख्रिस्ताचा वधस्तंभ अपुरा पडला असं म्हणण्यासारखं आहे. माझ्या मंडळीचा प्रचारक असं करणार नाही." दारात ते थबकले. "शाळेत झाल्या प्रकाराची कमिटीला माहिती द्यावी लागेल मला."

"द्या," मिलकाबाई म्हणाल्या. "खरी द्या म्हणजे झालं."

नव्याचा सण, म्हणजे यहुद्यांचा वर्षारंभ, आटोपला. गुरुवारी सकाळी दारात मधुसूदन एकटाच उभा होता. हातात पिशवी होती.

"खाप्याची बस साडेआठची आहे," तो म्हणाला. "एकट्याची हिंमत नाही होऊन राहिली."

त्याला हाकलून द्यावं असं मिलकाबाईंच्या मनात आलं. पण त्यांनी कुलूप काढलं आणि चपला घातल्या. बसमध्ये त्या दुसऱ्या बाकावर बसल्या.

खाप्यात त्या बाईचा, कौसल्येचा, मुलगा आनंदराव घरीच हातमागावर बसला होता. नागपूरचे लोक म्हटल्यावर त्यानं खाट टाकली. मधुसूदननं उभ्यानंच सुरुवात केली. बाटली, घाई, रजिस्टरचं पान, सगळं सांगितलं. पुढे म्हणाला, "पण प्रभूनं मले…"

"थांब," आनंदराव म्हणाला. "तुया देवाची गोष्ट मंग सांग. माह्या मायले औषध कोनं देल्लं?"

"म्या."

"त्या यहुदी बाबानं नाही?"

"नाही. तो त्या दिवशी खोकल्याच्या बाटल्या भरत होता. त्याले माहीतही नव्हतं."

आनंदरावानं उठून मधुसूदनच्या दोन थोबाडीत मारल्या. मधुसूदननं हात वर केला नाही. आतून बायको धावत आली. "अवो, काय करून राहिले तुमी!" म्हणत तिनं नवऱ्याचा दंड धरला. आनंदराव हिसडा देऊन सुटला, पण त्यानं पुन्हा मारलं नाही. तो मटकन खाली बसला आणि मिलकाबाईंकडं पाहू लागला.

"बाई, तुमी त्याईच्या घरच्या?"

"हो."

"त्याईनं तुमाले सांगतलं नसन. माय मेली त्याच्या दुसऱ्या साली मी सदरात गेलो होतो. ते टालीवरून घरी जात होते. भर रस्त्यात मी त्याईच्या तोंडावर थुकलो. चार लोकं हासले. त्याईनं रुमालानं तोंड पुसलं अन् म्हणे, पोरा, तुही माय गेली, मले लय वाईट वाटते." आनंदरावाचा आवाज फाटला. "मले वाटलं, ढोंग करते."

मिलकाबाईंना हे ठाऊक नव्हतं. आठ वर्षं ज्याला रोज गरम पाणी काढून दिलं, ज्याचे कपडे धुतले, त्यानं हे एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. त्या मधुसूदनकडं वळल्या.

"ऐकलंत? हे कोणत्या पानावर होतं? हे धुतलं गेलं का तुमचं?"

मधुसूदन भिंतीशी टेकून रडत होता. रडणं खरं होतं हे त्यांना दिसत होतं, आणि त्यानंच त्यांचा संताप आणखी वाढला.

"मी काय करू, बाई?" आनंदरावानं विचारलं. "ते तं गेले."

मिलकाबाईंनी त्यालाही दहा माणसांची रीत सांगितली.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या लहानशा यहुदी कब्रस्तानात माणसं जमली. दहा पुरुष गोळा करायला मिलकाबाईंचे मामा बिनयामिन, निवृत्त रेल्वे गार्ड, अजनी ते इतवारी सायकलनं फिरले होते. आनंदराव पहाटेच्या गाडीनं आला होता. कबरीपाशी तो टोपी काढू लागला, तेव्हा मामांनी ती डोक्यावरच ठेवायला सांगितली. सांगून दिलेलं वाक्य तो अडखळत बोलला, वर स्वतःचं एक घातलं, "बाबा, माही अक्कल कमी पडली." मग वाकून मातीला हात लावला.

मधुसूदन आला की नाही हे बराच वेळ कळेना. तो फाटकाबाहेर उभा होता. देवरावांनी आदल्या दिवशी त्याच्याकडून प्रचाराची जबाबदारी काढून घेतली होती, हे नंतर समजलं. शेवटी तो आत आला. दहा माणसांसमोर त्यानं शालोमचं पूर्ण नाव घेतलं, गुन्हा सांगितला आणि खिशातून कागद काढला. त्यावर सगळं लिहून खाली सही केली होती. एक प्रत दवाखान्यात चिकटवायला दिली, एक सदरच्या बाजारातल्या वाचनालयात, असं तो म्हणाला. तिसरी त्यानं मिलकाबाईंपुढे धरली.

"बाई, मले माफ करा."

"शालोमच्या वतीनं माफी द्यायचा अधिकार मला नाही. तो कुणालाच नाही. पाळकांनाही नाही."

"मंग तुमच्याकडून?"

मिलकाबाईंनी कागद घेऊन घडी घातली.

दोन दिवसांनी दारफळणीचा सण लागला. दारं लावून घ्यायची, दिवसभर उपास आणि प्रार्थना करायची, बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही, असा तो प्रायश्चित्ताचा दिवस. सगळी घरं पांढरे कपडे घालून मामांच्या घरी जमली. दुपारी वाचन थोडं थांबलं तेव्हा मामांनी हळूच विचारलं, "मिलका, मन मोकळं करून आलीस ना गं? माफ केलंस?"

"एकाला केलं."

"खाप्याच्याला. आणि दुसऱ्याला?"

"मी सांगितलं ते सगळं त्यानं केलं, मामा. मार खाल्ला, काम घालवलं. त्याला मी वाईट म्हणत नाही. पण अजून तो माझ्याकडं बघून देवाशीच बोलतो. ज्या दिवशी माझ्याशी बोलेल त्या दिवशी बघू."

"देव विचारेल तुला."

"विचारू दे. आज तेच सांगतेय त्याला सकाळपासून." मिलकाबाईंनी डोक्यावरचा पांढरा पदर सारखा केला. "पंधरा वर्षं देवाला सगळं माहीत होतं. मलाही थोडं विचारायचंय."

मामांनी प्रार्थनेचं पान काढून मिलकाबाईंपुढे सरकवलं, आणि वाचन पुन्हा सुरू झालं.

शाळेच्या कमिटीनं दिवाळीनंतर शिवणाचा वर्ग बंद केला. मिलकाबाईंनी आपलं मशीन हमालाकडून घरी आणवलं आणि दाराबाहेर शिवणकामाची पाटी लावली. पाटीवर त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव आधी लिहिलं, आपलं त्याखाली.